पहिली त्रेसष्ट घरं

मी जन्माची भित्री आहे. दाराला कुलूप लावून जिना उतरले तरी परत वर जाऊन ते ओढून बघते, आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा वाटतं की ओढलं नव्हतंच. घरचे हसतात. हसू देत. मी एका मिलमधले कम्प्युटर सांभाळते, आणि ज्याला भीती वाटत नाही तो माणूस बॅकअप घेत नाही, हे मी दोनचार ठिकाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आजवर माझी भीती कायम काहीतरी बिघडेल याची असायची. पण एका लग्नसराईत तीन आठवडे जी भीती माझ्या पोटात बसली होती, तिचा शेवट वेगळाच झाला. शेवटी शेवटी तर, बिघडवलंय मी आणि ते कुणाला कळेल, एवढीच भीती उरली होती.

आमची मिल कापडावर डिजिटल छपाई करते. पांढरा तागा मशीनच्या एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने फुलं-वेली घेऊन बाहेर येतो. वरच्या मजल्यावर मुली डिझाइन काढतात आणि सर्व्हरवर ठेवतात. खालची पाच मशीनं ते डिझाइन सर्व्हरवरून घोट घोट ओढत कापडावर उतरवतात. मशीनला सगळी फाइल एकदम लागत नाही, पण पुरवठा सतत लागतो. तो मध्येच खुंटला की छपाईचं डोकं जागच्या जागी थांबतं, आणि पुन्हा चालू झालं की त्या ठिकाणी कापडावर आडवा पट्टा उमटतो. साडीच्या मधोमध असा पट्टा असला की ती साडी पोतेरं करायच्या लायकीची राहते.

पाचांतलं सगळ्यांत नवं आणि वेगवान मशीन मामांकडे होतं. हे माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. आईच्या गावचं मांजर आलं तरी तुम्ही त्याला मामा म्हणाल, असं बाबा आम्हाला चिडवायचे. पण या मामांनी मामाचं नातं खरंच निभावलं होतं. कॉलेज संपवून मी दोन वर्षं शहरातल्या लिंबायत भागात एका मोबाइलच्या दुकानात स्क्रीन गार्ड चिकटवत होते, तेव्हा मामा मला हाताला धरून शेठसमोर घेऊन गेले होते. आपल्या तोडक्यामोडक्या गुजरातीत म्हणाले होते, "शेठ, पोरी होशियार छे. भूल नहीं करे." चुकणार नाही, असा शब्द त्यांनी माझ्यासाठी दिला होता. मला ते वाक्य फार आवडायचं. पुढे त्याच वाक्याने माझी झोप उडवली.

दिवाळीच्या सुट्टीत मिल बंद असताना शेठने नवी स्टोरेजची पेटी आणली. तिला ॲरे म्हणतात. आत सहा डिस्क, समोर सहा हिरवे दिवे. एका डिस्कवर सगळा भार पडण्यापेक्षा सहा जणी मिळून काम वाटून घेतात, म्हणून वेग वाढतो, एवढी साधी गोष्ट. जुन्या सर्व्हरवरचं सगळं उचलून या पेटीत नेणं माझं काम होतं. त्यासाठीच्या प्रोग्रॅमने मला एकच प्रश्न विचारला, की जुन्या डिस्कची मांडणी जशीच्या तशी ठेवायची, की नव्या पेटीच्या मापाने नवी करायची? मी "जशीच्या तशी" वर टिचकी मारली. विचारसुद्धा केला नाही.

का केला नाही, ते सांगते. माझे बाबा लिंबायतच्या लूमच्या खात्यांमध्ये, म्हणजे कारखान्यांमध्ये, बीम जोडायचं काम करायचे. लूमवरचा ताण्याचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, संपत आला की नवा बीम मागे चढवतात. पण जुने धागे कोणी उपसून काढत नाही. ते फणीतून ओवलेले असतात, पुन्हा ओवायला दिवस मोडतो. म्हणून जुन्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला नव्याचा एकेक धागा गाठ मारून जोडायचा आणि मग सगळं हळूच पुढे ओढून घ्यायचं. हजारो गाठी. बाबांची बोटं इतकी चटचट चालायची की नुसतं बघून मला गरगरायचं. जुन्याला हात लावायचा नाही, त्याच्याच टोकाला नवं जोडायचं, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले. आमच्या घरात ही पद्धत देवासारखी होती. दिवाळीत मी त्या पेटीसमोर बसून तेच केलं, आणि वर बाबांना फोन करून फुशारकीने सांगितलं की बीम जोडला.

तपासलंही होतं. एक भलंमोठं डिझाइन घेऊन इकडून तिकडे उतरवून पाहिलं. फाइल सर्रकन गेली. माझा जीव भांड्यात पडला.

पट्टे सुरू झाले ते लग्नाच्या ऑर्डरी वाढल्यावर. आधी एखाददुसरा, मग रोज. आणि ते बहुतेक मामांच्याच मशीनवर. सकाळी साडेआठला काम सुरू व्हायचं तेव्हा सगळं ठीक असायचं. अकराच्या सुमाराला पाचही मशीनं लागली आणि वर मुली कामाला भिडल्या की मामांच्या मशीनचं डोकं अचानक थांबायचं, चारपाच सेकंद. मग आपलं आपण चालू व्हायचं आणि कापडावर पट्टा.

पहिली शंका माझ्यावरच आली. मी सर्व्हर पाहिला. डिस्क धडधाकट, तारा ठीक, नेटवर्क ठीक. सहाही दिवे हिरवे. पुन्हा ते मोठं डिझाइन उतरवून पाहिलं, पुन्हा सर्रकन गेलं. मी शेठला सांगितलं, "सिस्टम बराबर छे." किती ठामपणे सांगितलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

मग मशीनच्या कंपनीचा माणूस आला. दोन दिवस त्याने मशीन उघडंनागडं करून पाहिलं. त्याला काही सापडलं नाही. जाताना म्हणाला, मशीनच्या नोंदीत बिघाड कुठेच नाही, फक्त "पॉज" लिहिलेलं आहे. पॉज म्हणजे थांबवलं. आणि थांबवायचं लाल बटण नेमकं तिथे, जिथे मामांचा उजवा हात दिवसभर टेकलेला असतो.

तो माणूस एवढंच बोलून गेला. बाकीचं सगळ्यांनी आपापल्या मनाने जोडून घेतलं. वय झालंय, डुलकी लागते, हात पडतो बटणावर. कुणी म्हणालं, पितात. मामांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. मी हे सगळं ऐकत होते आणि मला मनातून बरं वाटत होतं, हेही आता लपवत नाही. बोट माझ्याकडून दुसरीकडे वळलं होतं.

मामा भांडले नाहीत, शपथा घेतल्या नाहीत, तेच मला विचित्र वाटलं. ते फक्त मशीनपासून हातभर लांब उभे राहायला लागले, उजवा हात डाव्या काखेत घट्ट दाबून. तरीही पट्टे यायचेच. तेव्हा मुकादम ओरडायचा, की हात बांधून उभे राहता, लक्ष कुठे आहे? असंही बोलणं, तसंही बोलणं.

एका रविवारी आईने शेव-लाडूचा डबा देऊन मला मामांकडे नवागामला पाठवलं. ते बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांची दीडदोन वर्षांची नात त्यांच्यासमोर दोन्ही हात वर करून उभी होती, उचल म्हणून. एरवी मामा आणि ती नात म्हणजे एकच शरीर. बाजारात, देवळात, कुठेही ती त्यांच्या खांद्यावर. त्या दिवशी ते नुसते तिच्याकडे बघत राहिले आणि हाक मारून सुनेला आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाले, "हिले ली जाय." हिला घेऊन जा. पोरगी रडत रडत आत गेली. मला वाटलं, मिलमधला राग घरी काढतायत. पुरुषांचं असंच, असं मनात म्हणून मी लाडवाचा डबा देऊन निघाले.

गुरुवारी दुपारी शेठने निकाल लावला. सोमवारपासून दुसरा ऑपरेटर येणार. मामांनी शनिवारपर्यंत यायचं. अठरा वर्षांचं काम एका ओळीत आवरलं. मामांनी मान हलवली आणि मशीन पुसायला घेतलं. मी जिन्यात उभी होते. हे सगळं फक्त मामांचं आहे, माझा त्यात काही भाग नाही, असं मला तोवर वाटत होतं.

संध्याकाळी डिंडोलीला घरी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. बाबांची बोटं आता वाकडी झाली आहेत, भाकरी मोडतानाही त्रास होतो, पण कामाचं बोलणं निघालं की डोळे पूर्वीचेच. त्यांनी विचारलं, "गाठी समद्या बऱ्या शेतस?"

म्हटलं, सगळ्या तपासल्या, एकही सुटलेली नाही.

"मंग पहिली गाठ कोठे मारी?"

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी लिंबायतच्या खात्यातली एक गोष्ट सांगितली. एकदा त्यांनी पहिलाच धागा एक घर सोडून धरला होता. जुन्या पहिल्याला नव्याचा दुसरा. मग दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला चौथा. दिवसभर गाठी मारल्या, एकेक गाठ पक्की. मुकादमाने येऊन ओढून पाहिल्या, त्यालाही चूक दिसली नाही. अगदी शेवटी एक धागा हातात उरला, तेव्हा कळलं. सगळ्या गाठी कापाव्या लागल्या. "समदा गाठी देखतस," बाबा म्हणाले, "सुरुवात कोन्ही देखत नही." गाठी सगळे बघतात, सुरुवात कोणी बघत नाही.

"जशीच्या तशी" ही टिचकी मला आठवली.

शुक्रवारी मिलमध्ये गेल्या गेल्या मला सर्व्हर बघायचा होता. कामांच्या गर्दीत सवड मिळायला दुपार उजाडली. डब्याच्या सुट्टीत खोलीचं दार लावून मी सर्व्हरला एक साधा प्रश्न विचारला, की आमच्या फायलींचा साठा या पेटीत नेमका कुठून सुरू होतो? पडद्यावर आकडा आला. त्रेसष्ट.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. हा आकडा मी पुस्तकात वाचला होता, तो जुन्या सिस्टीमचा. डिस्कवरची जागा बारीक बारीक घरांमध्ये वाटलेली असते. पूर्वीच्या सिस्टीम पहिली त्रेसष्ट घरं मोकळी सोडत आणि त्याच्या पुढच्या घरापासून साठा सुरू करत. एकच डिस्क असताना त्याने काही बिघडत नसे. पण आमच्या ॲरेत सहा डिस्क, आणि ती प्रत्येक डिस्कला एकशे अठ्ठावीस घरांचा एक खण देते. एक खण या डिस्कवर, पुढचा खण त्या डिस्कवर. आमच्या फायलीही एकशे अठ्ठावीस घरांच्याच तुकड्यांत ठेवलेल्या. म्हणजे एक तुकडा, एक खण, अगदी नेटकं बसायला हवं. पण सुरुवातच त्रेसष्ट घरं सरकलेली, त्यामुळे प्रत्येक तुकडा दोन खणांवर पसरलेला. पासष्ट घरं या डिस्कवर, उरलेली त्रेसष्ट पुढच्या डिस्कवर. एक तुकडा मागितला की दोन डिस्क कामाला लागणार. लिहिताना त्याहून वाईट, कारण दोन्ही खणांची जुळवाजुळव पुन्हा करायची.

एकच मोठी फाइल सरळ ओढली तर हे दिसत नाही. डिस्क पुढचं पुढचं आधीच वाचून ठेवते, चोरी झाकली जाते. मी दोन्ही वेळा नेमकं तेच तपासलं होतं. पण पाच मशीनं पाच दिशांनी मागायला लागली आणि वरून मुली फायली जतन करायला लागल्या, की दुप्पट मागण्यांनी पेटीची दमछाक होणार. आणि अशा वेळी आधी उपाशी कोण राहणार? जो सगळ्यांत जास्त वेगाने खातो तो. मामांचं मशीन. आणि पुरवठा खुंटून डोकं थांबलं तरी मशीन आपल्या नोंदीत "पॉज"च लिहिणार.

एकाही डिस्कमध्ये बिघाड नव्हता. सगळ्या गाठी पक्क्या होत्या.

आता खरी भीती सुरू झाली. उपाय मला लगेच सुचला होता. सगळा साठा बाहेर काढायचा, बरोबर घरापासून नवी मांडणी करायची, साठा परत भरायचा. मिल थांबवून एक दिवस पुरे. रविवारी मिल बंदच असते. मी "सर्व्हरची साफसफाई" म्हणून किल्ली मागितली असती तर कुणी कारणही विचारलं नसतं. सोमवारपासून एकही पट्टा आला नसता आणि माझं नाव कुठेच आलं नसतं.

मी मनात तो रविवार पूर्ण जगून घेतला. आणि मग सोमवार दिसला. नवा ऑपरेटर मशीनवर, कापड नितळ, आणि मुकादम सगळ्यांना सांगतोय, बघा, माणूस बदलला आणि मशीन सुधारलं. त्यानंतर मामांचा हात स्वच्छ आहे हे कुणीही, कधीही सिद्ध करू शकलं नसतं. मी ते गुपचूप दुरुस्त केलं असतं, तर मामांवरचा आळ मीच पक्का केला असता.

हे एवढं स्पष्ट कळूनही मी शुक्रवारी गप्प बसले. शेठच्या केबिनपर्यंत दोनदा गेले आणि पाण्याच्या मशीनवर ग्लास भरून परत आले. चारच्या सुमाराला खाली पुन्हा पट्टा आला, आणि या वेळी शेठ स्वतः उतरले. सगळ्यांसमोर मामांना म्हणाले, "एक दिवस बाकी छे, एटलुं तो संभाळो!" एक दिवस उरलाय, तेवढं तरी सांभाळा. मी जिन्यात होते. मामांनी काखेतला हात आणखी आवळला. मी वर निघून गेले.

शनिवारी सकाळी सातला मी मिलमध्ये होते. पेटीत शेवटाकडे बरीच मोकळी जागा होती, कारण जुना साठा लहान आणि पेटी मोठी. त्या मोकळ्या जागेत मी नवी मांडणी केली, खणाच्या बरोबर काठापासून सुरू होणारी. पाचही मशीनांची त्या दिवसाची डिझाइनं तिकडे हलवली. वरच्या मुलींच्या फायलीही तिकडे वळवल्या. म्हणजे तीच पेटी, त्याच डिस्क, बदललेली फक्त सुरुवात. पासवर्ड तीनदा चुकला.

शेठ दहाला आले. देवाला अगरबत्ती लावून बसले, चहा आला, आणि मी आत गेले. गुजरातीत म्हणाले, "शेठ, भूल मारी छे. मशीननी नथी, एमनी पण नथी." माझी चूक आहे, मशीनची नाही, त्यांचीही नाही. मग ती टिचकी, तो त्रेसष्ट, सगळं कागदावर चौकोन काढून दाखवलं. शेठने कागद बाजूला सरकवला. त्यांनी चौकोनांबद्दल काहीच विचारलं नाही.

"केटला दिवसथी खबर छे तने?" किती दिवसांपासून माहीत आहे तुला?

"कालथी," मी म्हणाले.

"कालथी?" त्यांनी कप खाली ठेवला. "काल तो में एने बधानी सामे..." पुढचं ते बोलले नाहीत. कालच त्यांनी मामांना सगळ्यांसमोर झापलं होतं. मला वाटलं आता माझी खैर नाही. पण ते उठले आणि एवढंच म्हणाले, "चाल. बताव."

खाली सगळ्यांना वाटलं शेठ मामांचा हिशेब करायला आलेत. मामांनाही तेच वाटलं असणार, कारण ते मशीनपासून आणखी एक पाऊल मागे सरकले. शेठने नवा तागा लावायला सांगितला. पाचही मशीनं एकदम सुरू झाली. मी वर मुलींना फोन करून सांगितलं, उघड्या असतील तेवढ्या फायली पुन्हा पुन्हा जतन करत राहा. त्या मला वेडी समजल्या असतील.

छपाईचं डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावत होतं. गुलाबी साडी, पदरावर मोर. पहिली साडी नितळ आली. दुसरी आली. मामांचा हात काखेत. अकरा वाजले, रोज पट्टे येतात ती वेळ. माझं लक्ष कापडाकडे नव्हतंच, मी छपाईच्या डोक्याच्या त्या आवाजाकडे कान लावून होते आणि तो तुटला तर काय, एवढंच मनात होतं. मी चुकले असेन तर? त्रेसष्टचा काही संबंधच नसेल तर? मग मामा जाणारच, आणि मीही. पाचवी साडी, सहावी. एकदा आवाज जरा हलल्यासारखा वाटला आणि मी मुकादमाचा दंड पकडला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच सोडला. डोकं धावतच होतं. तागा संपला. मशीन आपलं आपण थांबलं, जसं थांबायला हवं तसं.

शेठने कापड हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मामांजवळ जाऊन म्हणाले, "सोमवारे तमे ज आवजो." सोमवारी तुम्हीच यायचं. माझ्याकडे न बघता वर निघून गेले. माझ्याशी ते पुढे महिनाभर कामापुरतंच बोलले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मामा जागेवरच उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि अहिराणीत सांगितलं, की दिवाळीत माझ्या हातून चूक झाली, पेटीतून डिझाइन वेळेवर पोहोचत नव्हतं, म्हणून मशीन थांबायचं. ते रागावतील, शिव्या देतील, याची मी तयारी केली होती. मला त्या हव्याच होत्या.

मामांनी विचारलं, "मंग मना हात?" मग माझा हात?

मला प्रश्न कळला नाही. "हातनं काय, मामा?"

तेव्हा त्यांनी हळूहळू काखेतला हात बाहेर काढला. त्यांच्या वडिलांचा हात म्हातारपणी आपोआप हलायचा, असं ते सांगू लागले. ताट धरलं तर सांडायचं, काठी सुटायची, आणि त्यांना स्वतःला कळायचंही नाही. कंपनीचा माणूस म्हणाला की बटण दाबलं जातंय, तेव्हाच मामांनी ओळखलं होतं की आपलंही सुरू झालं. डॉक्टरकडे जायची हिंमत झाली नाही. घरी सांगितलं नाही. तीन आठवडे ते गाडी चालवत नव्हते, चहा उकळता असेल तर डाव्या हाताने घेत होते.

"मंग माले काहीच व्हयेल नही?" त्यांनी पुन्हा विचारलं. मला काहीच झालेलं नाही?

"तुमना हातले काहीच व्हयेल नही, मामा. चूक मनी व्हती."

त्यांनी तळहात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग अठरा वर्षांत कधी मागितली नव्हती ती सुट्टी त्यांनी मुकादमाकडे मागितली, अर्ध्या दिवसाची. मी विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, घरी जातो. नातीला तीन आठवडे उचललेलं नाही. हातातून सुटेल म्हणून भीती वाटायची. पोर रोज संध्याकाळी हात वर करून समोर उभी राहायची आणि ते तिला आत पाठवून द्यायचे.

ते फाटकाबाहेर जाऊन रिक्षात बसेपर्यंत मी खिडकीतून बघत होते. त्यांनी शिवी दिली नाही, उलट जाताना माझ्या डोक्यावर तोच हात ठेवला. तीन आठवड्यांचं मला माहीत नव्हतं, ते मी स्वतःला कसंबसं माफ करते. पण शुक्रवारी दुपारी मला कळलं होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी ती पोर आणखी एकदा हात वर करून उभी राहिली होती.